उतारावरची हाक

"जनावराने कोणतेही कारण नसताना चालकाच्या अंगावर चाल केली, सबब ते धोकादायक असून त्यास नष्ट करण्यात यावे." रानाच्या व्यवस्थापकांनी माझ्या धाकट्या भावाच्या अपघातावर लिहिलेल्या अहवालाचे हे अखेरचे वाक्य. खाली रान चालवणाऱ्या समितीच्या अध्यक्षीणबाईंची सही तेवढी बाकी होती आणि ती शुक्रवारच्या बैठकीत व्हायची होती.

वाक्य ठाम आहे. ठाम वाक्ये मी आयुष्यभर तपासत आले असल्यामुळे त्याचा दबाव मला वाटला नाही. "कोणतेही कारण नसताना" असे लिहिण्यापूर्वी निदान कारण शोधावे लागते. व्यवस्थापक अपघातानंतर त्या वाटेकडे फिरकलेही नव्हते. "चाल केली" हे त्याहून बहारदार. ज्या ढग्याविषयी हे लिहिले आहे त्या बैलाच्या मानेवर त्या क्षणी जू होते, जुवाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार चुन्या होता, आणि दोघांच्या मागे साखळीने जखडलेला ओला ओंडका होता. शेजारी गळ्यात आणि झाड शेपटीला, अशा थाटात हल्ला करायला निघालेले जनावर माझ्या तरी वाचनात नाही.

आमच्या या रानात यंत्र येत नाही. आधी रोगट, वाकडी, एकमेकांचा उजेड खाणारी झाडे निवडायची, चांगली राखायची, तोडलेले लाकूड बैलांनी अरुंद वाटेने खाली ओढायचे, म्हणजे माती दबत नाही आणि खालचा ओढा गढूळ होत नाही. वाटेच्या प्रत्येक वळणावर एखादे निकामी झाड मुद्दाम उभे ठेवतात. वळताना ओंडका त्याला घासतो, त्याची साल सोलली जाते आणि पलीकडची चांगली झाडे वाचतात. कार्यालयालाही वळणावर असेच एक झाड हवे होते. ढग्या आयताच सापडला.

बैल हाकण्याची रीत आमच्या वडिलांनी घालून दिली. डावे-उजवे असे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. प्रत्येक बैल जन्मभर एकाच अंगाला जुंपायचा, आणि ज्याचे नाव घेतले जाईल त्याने आपल्या बाहेरच्या अंगाला रेटायचे. जोडीदार मागोमाग ओढला जातो. काळा ढग्या कायम डावा, पांढरा चुन्या कायम उजवा. उताराच्या वाटेवर डोंगर डावीकडे असतो, तेव्हा "ढग्या!" म्हटले की जोडी डोंगराकडे वळते. हाकणारा नेहमी डोंगराच्याच बाजूने चालतो, कारण ओंडका घसरला तर खाली घसरतो. आणि चुकीच्या हाकेने रक्त सांडले तर त्या माणसाच्या हाती या रानात पुन्हा जोडी देत नाहीत. हा नियमही वडिलांचाच, आणि तो समितीने जसाच्या तसा उचलला आहे.

माझा भाऊ मात्र ओढ्याच्या बाजूला ओंडक्याखाली सापडला. ही गोष्ट अहवालात नोंदली आहे, पण जराही आश्चर्य न करता, जणू माणसे तिथेच उगवतात.

मी गावी पोचले तेव्हा तो खाटेवर होता, गुडघ्याखाली पाय लाकडी पट्ट्यांत बांधलेला. त्याची बायको उंबऱ्यात बसून ढग्यासाठी गवत निवडत होती. सुनावणी होईपर्यंत ढग्याला चुन्यापासून तोडून मागच्या छपरात एकटा बांधला होता आणि त्याने खाणे जवळजवळ सोडले होते.

"या ताई," ती म्हणाली. "तुमच्या भावाला जरा बोलतं करा. बैलाला बोलता येत नाही, आणि हा येत असून बोलत नाही. दोघांत शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा."

"तू खालच्या अंगाला कशाला गेलास?" मी विचारले.

"गेलो."

"अरे, गेलो म्हणजे?"

"गेलो म्हणजे गेलो. तू कॉलेजात पोरांना असंच छळतेस का?"

"ती उत्तरं देतात."

त्याने भिंतीकडे तोंड केले. मागच्या छपरातून ढग्याचा हंबरडा आला तशी त्याने पांघरूण कानावर ओढले. ते मी पाहिले. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला वाटले, त्याला दुखते आहे.

शुक्रवारी कार्यालयात गेलो. लांबट खोली, भुशाचा वास, लोखंडी कपाट, शाईचे डाग पडलेले टेबल. मधोमध अध्यक्षीणबाई. भावाला कुबड्यांवर आणून दाराजवळच्या बाकावर टेकवले; शेजारी त्याची बायको. आणि टेबलामागच्या भिंतीवर, नव्याकोऱ्या चौकटीत, एक मोठा फोटो. खाली सोनेरी अक्षरे: "जिथे जमिनीलाही ओरखडा उठत नाही". फोटोत माझा भाऊ जुवावर हात ठेवून हसत होता.

मी तो फोटो पाहिला आणि पुरावा शोधण्याचे माझे काम संपले. कार्यालयाने तो स्वतःच्याच खर्चाने चौकटीत बसवून ठेवला होता. डाव्या अंगाला चुन्या होता.

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो," व्यवस्थापक म्हणाले.

"त्या मी घरी ठेवून आले आहे. हा फोटो कधीचा?"

"त्याच दिवशीचा. म्हणजे, आधीचा. पाहुणे आले होते ना आपलं काम बघायला."

"यात पांढरा बैल डावीकडे कसा?"

त्यांनी वळून फोटोकडे पाहिले, प्रथमच पाहावे तसे. "कॅमेरा त्या बाजूला होता. काळ्याचं शिंग मोडकं, बरं दिसत नाही. म्हटलं, पांढरा अलीकडे घ्या. फोटोपुरतं."

"आणि फोटो झाल्यावर?"

"पाहुण्यांना ओंडका ओढताना बघायचा होता. आता जू सोडा, परत जुंपा, कोण थांबणार? म्हटलं, एवढी एक फेरी होऊ दे तशीच. शेवटी बैल आहेत हो ते, बुटांचा जोड आहे का डावा-उजवा?"

समितीतले दोघे-तिघे हसले. भावाची बायको म्हणाली, "साहेब, उद्या तुम्ही उलटे बूट घालून त्या वाटेनं उतरून दाखवा. फोटो मी काढते."



"वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला कोण चालत होतं?" मी विचारले.

"पाहुणेच. खालच्या अंगाला चिखल होता, त्यांचे कपडे..."

"म्हणून हाकणारा खाली गेला."

"मी तसं सांगितलं नव्हतं."

"जागा तर उरली नव्हती."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. "हे सगळं अहवालात का नाही?"

"कुणी विचारलंच नाही, बाई."

इथवर सारे माझ्या मनासारखे चालले होते. पण व्यवस्थापक मला वाटले होते तितके मंद नव्हते. खुर्चीत सावरून बसत ते म्हणाले, "ठीक आहे. जागा मी बदलायला लावली. चूक माझी, लिहून घ्या. पण बाजू बदलली म्हणून बैल धन्याच्या अंगावर येतो का? पाहुण्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, तो सरळ यांच्यावर आला. एकदा थबकला आणि पुन्हा आला. हे त्या बैलानं केलं, मी नाही."

मुद्दा चोख होता. मी खोलीभर पसरलेल्या युक्तिवादाला तेवढे एकच भोक होते आणि त्यांनी नेमके तिथे बोट घातले. अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. "याला उत्तर आहे का, ताई?"

उत्तर होते. फोटो पाहिल्यापासून ते माझ्या जिभेवर होते, आणि कानांवर ओढलेले पांघरूणही आता मला नीट आठवत होते. पण त्या वाटेवर पाहुण्यांच्या किंकाळ्यांत काय हाक दिली गेली हे ऐकणारे दोघेच होते, आणि त्यातला एक छपरात बांधलेला होता. मी उत्तर दिले असते तर तो अंदाज ठरला असता, आणि अंदाजावर कोणी बैल सोडत नाही. शिवाय ते उत्तर म्हणजे माझ्या भावाच्या हातून जोडी कायमची जाणे. मी तोंड मिटून घेतले. इतरांच्या मौनावर मी पुष्कळ कठोर लिहिले आहे.

"म्हणजे नाही," व्यवस्थापक हळूच म्हणाले. अध्यक्षीणबाईंनी लेखणीचे टोपण काढले.

दाराजवळ कुबडी खाली पडल्याचा आवाज झाला. भाऊ भिंतीला धरून उभा राहिला होता. बायकोने हात पुढे केला; तो त्याने घेतला नाही. तो जे बोलला ते अध्यक्षीणबाईंच्या सांगण्यावरून अहवालाच्या शेवटी, खोडलेल्या वाक्याच्या जागी, शब्दशः उतरवले आहे:

"बैल बदलायला साहेबांनी सांगितलं, पण बदलले मी. नको म्हणता आलं असतं, म्हणालो नाही. फोटोत यायची मलाही हौस होती. वळणावर ओंडका खाली घसरायला लागला. जोडी डोंगराकडे घ्यायची होती, आणि तोंडात बसलेलं तेच बाहेर पडलं. मी 'ढग्या' म्हणालो. तो उजवीकडे होता, म्हणून उजवीकडे रेटला. तिथे मी होतो. त्यानं मला पाहिलं आणि थांबला. मग मी घाबरून पुन्हा ओरडलो, 'ढग्या'. तेव्हा तो आला."