बेचाळीस टक्के

"हा पंखा नुसता बोंबलतोय, काम शून्य," नाना कॉम्प्युटरकडे तोंड करून कुरकुरले. "आपल्या दादासारखा."

एरवी दादा उलटून बोलला असता. आज माझ्या या मोठ्या भावाने मशीन किती तापलंय ते हात लावून पाहिलं. त्याने हौसेने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. कार्ड भारी म्हणजे व्हिडिओ झटपट तयार होणार, अशी त्याची समजूत. पण दर्जा निवडला सगळ्यात वरचा, तो कार्डाला जमत नाही, आणि ते काम सगळं जुन्या प्रोसेसरच्याच मानगुटीवर. कार्ड आपलं जावयासारखं बसून.

नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जन्मभर लोकांचे समारंभ शूट केले. घरच्या कॅसेटी अकराच. त्यांत आई आहे. चालते, रागावते, कॅमेऱ्यावर हात धरते. आई जाऊन सहा वर्षं झाली. नानांची नजर महिनाभर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्या अकरांची एक फिल्म करून त्यांना दाखवायची ठरली. कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवण्यातच तीन आठवडे गेले. मग प्रोसेसर तापून मशीन दोनदा बंद पडलं, दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात. महिना उलटून आज पाच दिवस झाले होते.

वहिनीने चहा आणला. हल्ली ती कप टेबलावर ठेवत नाही, नानांच्या हातात देते. का, ते कोणी विचारत नाही.

"किती झालं रे?" नानांनी विचारलं.

स्क्रीन त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. आकडा अंगठ्याएवढा.

"बेचाळीस टक्के," दादा म्हणाला.

मी घाईघाईने म्हटलं, कार्डावर टाक की, तासाभरात होईल. दादा म्हणाला, आईचा चेहरा मऊ पडेल, नाकडोळे पुसट होतील, आणि नानांना ते पहिल्या मिनिटात कळेल. चित्र फुटलेलं खपवून घ्यायचं नाही, हे आपल्याला शिकवलं कोणी? मी म्हटलं, अजून दीड दिवस थांबायचं का मग? आम्ही चांगले तावातावाने भांडलो. भांडण बरं होतं. तेवढा वेळ दुसरं काही बोलावं लागत नव्हतं. वहिनी दाराशी उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

नानांनी कप पुढे केला. वहिनीने तो अलगद काढून घेतला.

"कशावरही टाक रे," नाना म्हणाले. "मला सोमवारपासून काही दिसत नाही."