दिवाण, नायब आणि घोळीच्या पराती

बडोद्याहून मुलुंडला लग्न होऊन आलेल्या वनमालाने माहेराहून काय काय आणलं, याची यादी सासूबाईंना तोंडपाठ होती. चांदीचं तबक, दोन शालू, शिवणाचं मशीन आणि वेताच्या करंडीत दोन कासवं. यादीतलं शेवटचं नाव घेताना त्यांचा आवाज जरा खाली येई, आणि ऐकणाऱ्या बाईने पुन्हा विचारलं तर त्या सरळ चहाकडे वळत.

कासवं मोठी झोकात होती. पाठीवर पिवळ्या चांदण्या, चाल सावकाश आणि भाव मात्र संस्थानिकांचा. त्यांची नावं वनमालाच्या वडिलांनी ठेवलेली, दिवाण आणि नायब. वडील गेल्या साली वारले. घर मोडलं, अंगण विकलं गेलं, आणि त्या अंगणातलं म्हणून जे हाताला लागलं ते हे दोघे. सासरी तिला कुणी छळत नव्हतं, उणंदुणं काढत नव्हतं. पण सकाळी गॅलरीत जाऊन या दोघांशी चार शब्द बोलल्याशिवाय तिचा दिवस काही सुरू होत नसे.

पावसाळाभर चंगळ होती. डोंगराच्या पायथ्याशी घोळ, केना, पाथरी असल्या रानभाज्या हव्या तेवढ्या उगवत आणि वनमाला टोपलीभर खुडून आणी. मार्गशीर्ष लागला आणि सगळं वाळून करडं झालं. मग तिने भाजीवाल्याची कोबी घालून पाहिली, मेथी घालून पाहिली. दिवाणांच्या पोटाला दोन्ही मानवल्या नाहीत. त्यांनी गॅलरीची जी दशा केली, ती पाहून सासूबाईंनी निकाल दिला. संक्रांतीपर्यंत यांच्या खाण्याची सोय लागली तर ठीक, नाहीतर पवईच्या तळ्यात सोडून यायचं, तिथे सुखाने पोहतील.

ही कासवं जमिनीवरची, पाण्यात बुडून मरतील, हे वनमालाने परोपरीने सांगितलं. कासवं बुडतात हे सासूबाईंनी साठ वर्षांत ऐकलं नव्हतं आणि आता ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

तेव्हा वनमालाने घरातच तण पेरायचं ठरवलं. कसं पेरायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नवरात्रात दरसाल घट बसवलेले हात ते. माती चाळून घेतली, गळक्या परातींत पसरली, पावसाळ्यात जमवून ठेवलेलं घोळीचं काळं बी वर भुरभुरलं, नळापाशी तगून राहिलेल्या केन्याच्या कांड्या खोचल्या, पाण्याचा शिपका मारून तीन दिवस पत्रावळीने झाकून ठेवलं. माती नंदकिशोर, म्हणजे तिचा नवरा, आणत असे. ऑफिसातून येताना शेताच्या बांधावरची माती जेवणाच्या डब्यात भरून आणायची, हे काही लहानसहान प्रेम नव्हे. घरात ऊन येई ते एकाच खिडकीतून, देवघराशेजारच्या. परातींना जागा तिथेच मिळाली. पंधरवड्यात तिन्ही पराती हिरव्यागार झाल्या आणि रोज सकाळी मूठमूठभर खुडून दिवाण-नायब जेवू लागले. सासूबाई म्हणाल्या, राहू देत. पण हळदीकुंकवाच्या दिवशी घरात तण दिसता कामा नये.

आता तीन पराती लपवायच्या कुठे? गॅलरीत ठेवल्या तर कासवं एका बैठकीत फन्ना उडवतील. स्वयंपाकघरात तिळगुळाचे डबे. वनमालाने खिडकीवर एक जुनं लुगडं अडकवून पराती झाकल्या आणि देवाचं नाव घेतलं.

बायका आल्या. सर्वांत पुढे वरच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाई. पंचांगातलं एकही व्रत ज्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही अशा त्या बाई. देवाला नमस्कार करायला वाकल्या, लुगड्याचा काठ बाजूला झाला, आणि वनमालाने तोंड उघडायच्या आत तिन्ही परातींवर हळदीकुंकू पडलं. मागच्या अकराजणींनीही तेच केलं. मग रत्नप्रभाबाईंनी विचारलं, पौषात घट बसवायचं हे कुठलं व्रत?

सासूबाई अत्तरदाणी घेऊन दारात उभ्या. खरं सांगायचं तर देवापाशी तण वाढवलंय म्हणावं लागणार, तेही बारा बायकांसमोर.

"आहे आपलं," त्या म्हणाल्या. "बडोद्याकडचं."

झालं. रत्नप्रभाबाईंनी जाहीर करून टाकलं, की हे घट रथसप्तमीला उठवायचे आणि दर्शनाला सगळ्यांनी यायचं. रथसप्तमी दोन आठवड्यांहून लांब. पूजलेल्या घटाची काडीही तोवर खुडायची नाही, हे बडोद्यातही लागू होतं आणि मुलुंडातही.

वनमाला रोज टोपली घेऊन डोंगराकडे जाई आणि चार वाळक्या काड्या घेऊन परते. दिवाण कोपऱ्यात डोकं आत ओढून बसले. तिसऱ्या दिवशी नायबांनी तिच्या बोटाकडेही पाहिलं नाही. तिला सासूबाईंचा मनस्वी राग आला होता, आणि तो बोलून दाखवता येत नाही याचा आणखी. सासूबाईही घुम्या झाल्या होत्या. परातींना पाणी त्या स्वतः घालत, गॅलरीकडे फिरकत मात्र नसत.

पाचव्या सकाळी वनमाला रिकामी टोपली घेऊन जिना चढली तर दार उघडं. आत रत्नप्रभाबाई, दर्शनाला आणलेल्या दोन नवख्या बायकांसह, गॅलरीच्या उंबऱ्यावर खिळून उभ्या. आणि गॅलरीत फरशीवर मांडी घालून सासूबाई. मांडीशी परात, अर्धी खुडलेली. हातातली घोळीची काडी त्यांनी नायबांच्या तोंडाशी धरली होती आणि नायब ती हळूहळू चावत होते.

"अहो, पण व्रत?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"व्रत नाही न् बित नाही. लाजेपायी खोटं बोलले मी," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "माझ्या सुनेच्या माहेरचे हे दोघेच उरलेत. माझ्या घरी पाहुणे येऊन चार दिवस उपाशी राहिले, रत्नप्रभाबाई. याहून मोठं पाप तुमच्या पंचांगात असेल तर दाखवा मला."

सासूबाईंना तेवढ्यात दारातली वनमाला दिसली.

"तू काय उभी राहिलीस गं? हळदकुंकू तीन पाण्यांनी धुतलंय, घाबरू नकोस. आणि तो दुसरा माझ्या हातचं खात नाहीये. ये, बस इथे."

वनमालाला रडू फुटलं आणि तिने ते अडवलं नाही. टोपली तिथेच टाकून ती सासूबाईंच्या शेजारी फरशीवर बसली.