बयाबाईची फळी

केरबानं दारापुढं सागवानी फळ्यांचा कट्टा घातला, त्या दिवसापासून बयाबाईला भाकरी गोड लागेना.

केरबा तिचा धाकटा दीर. अंगण एक, दारं दोन. डावीकडचं थोरल्यांचं, उजवीकडचं धाकट्यांचं. केरबा ब्रह्मदेशात पूल बांधणाऱ्या पलटणीत होता. लढाई संपली, गडी पलूसला परत आला आणि महिन्याभरात सांगलीच्या वखारीतून गाडीभर फळ्या घेऊन आला. दगडांवर वासे, वाशांवर फळ्या. एक फळी ठोकली की तिच्या कडेला खिळा उभा धरायचा, दुसरी फळी त्याला टेकवून ठोकायची, मग खिळा काढून घ्यायचा, मध्ये खिळ्याएवढी फट राहायची. वरून जवसाचं तेल. झाला कट्टा! त्यावर त्याची बायको मनुबाई पाय लांब सोडून जोंधळे पाखडायला बसली, की इकडे बयाबाईच्या पोटात चूल पेटायची.

तरी तिनं कळ सोसली असती. पण आडावर शेजारची तानुबाई बोलून गेली, "बये, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू मनीच्या कट्ट्यावर करू की गं. बुडाला खडा टोचत न्हाई."

बारा वर्षं सगळी गल्ली थोरलीच्या दारात बसत होती. बारा वर्षं! पहिलं कुंकू तिच्या बोटाचं, पहिलं वाण तिच्या हातचं. आणि खडा आत्ता टोचायला लागला?

दुपारी तिचे मालक हंबीरराव जेवायला बसले, तर ताटात भाकरीच्या आधी फर्मान पडलं.

"मला कट्टा पायजे. मनीच्यापेक्षा दोन हात लांब."

"अगं, उसाला पाणी पाजायचं हाय."

"पाणी कुठं पळून जातंय? हितं तुमची अब्रू पळाली."

हंबीरराव बापडे उठले. ऐनाच्या लाकडाच्या जाड फळ्या आल्या. केरबा आपणहून मदतीला आला, खिळा उभा धरू लागला, तशी बयाबाई कडाडली.

"फटी ठेवायच्या न्हाईत!"

"वैनी, लाकूड पाणी पितंय, फुगतंय. त्याला सरकायला जागा लागती. तिकडं पुलावर बी आमी—"

"तुमच्या कट्ट्याचं दात पडल्यात, म्हणून माझ्याचं बी पाडताय व्हय?"

केरबा हसला आणि हातोडा ठेवून निघून गेला. जळतोय, बयाबाईला वाटलं. आपला फटींचा आणि वैनीचा अखंड, म्हणून पोटात दुखतंय भावजींच्या! तिनं फळीला फळी अशी भिडवून ठोकून घेतली, की मधून मुंगीलाही वाट मिळू नये.

आणि मग तिनं जे केलं ते पलटणीतल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिनं तो कट्टा सारवला. दारापुढची जागा, आणि तिला शेणाचा हात नाही? मनीनं नुसतं तेल पाजलंय, आळशी मेली! बयाबाई रोज सकाळी बादलीभर शेणकाला कालवायची आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गुळगुळीत हात फिरवायची. असं आठ दिवस.

हळदीकुंकवाच्या दिवशी ती सकाळी बाहेर आली, तर कट्टा गाभण म्हशीगत मधोमध फुगलेला. खिळे वर आलेले. तिनं कुंकवाचा करंडा ठेवून पाहिला. तो घरंगळला तो थेट अंगणापार, मनुबाईच्या पायाशी.

मनुबाईनं करंडा उचलला. ती हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण ती म्हणाली, "आक्का, माझ्याकडं बसू. पयलं कुंकू तुमीच लावा."

बयाबाईनं करंडा हिसकून घेतला. आपलाच मान, आणि तो मनीच्या हातून, वाटीभर पिठासारखा उसना?

"आवं, पहार आणा," ती हंबीररावांना म्हणाली.

"आता आणि काय?"

तिनं पदर खोचला आणि मधली फळी स्वतःच्या हातानं उपसून काढली. तशा दोन्हीकडच्या फळ्या हुश्श करून खाली बसल्या. केरबा दारात उभा राहून बघत होता. मध्ये मांजर जाईल एवढं भोक, त्या कट्ट्यावर आज कुणाला बसवणार?

तिसऱ्या प्रहरी गल्लीतल्या बायका मनुबाईच्या कट्ट्यावर दाटीवाटीनं बसल्या. सगळ्यांत शेवटी थोरली आली. अंगावर इरकली लुगडं, नाकात नथ, एका हातात करंडा आणि काखेत घासून धुतलेली ऐनाची फळी! तिनं ती सागवानावर बरोब्बर मधोमध टाकली आणि वर बसली.

"ह्ये काय गं बये?" तानुबाईनं डोळे मोठे केले.

"माझी फळी. मी दुसऱ्याच्या कट्ट्यावर बसत न्हाई."

सगळ्यांपेक्षा दोन बोटं उंच बसून तिनं पहिलं कुंकू लावलं. मनुबाई कपाळ पुढं करून वाकली, तेव्हा बयाबाईची नजर तिच्या मागच्या फटींवरून फिरत गेली. सगळ्या सारख्या, सगळ्या सरळ. सांडलेलं कुंकूसुद्धा त्यातून गुमान खाली जात होतं. कसल्या देखण्या मेल्या!

"मने, जरा सरक तिकडं," ती म्हणाली. "माझ्या फळीला जागा लागती."