टेबलाखालची जागा

मी बालवाडीतलं बुटकं टेबल बोलतोय. माझी उंची मोठ्यांच्या गुडघ्याएवढी. सुतारानं माझे कोपरे घासून घासून गोल केले. "पोरं ती, धडकणारच," तो म्हणायचा. धडकलीच. माझ्यावर दूध सांडलं, मातीचे हत्ती झाले, एका पठ्ठ्यानं तर मला चावूनही पाहिलं.

पण टेबल म्हटलं की माणसांना वरची फळीच दिसते. माझ्या खालच्या जागेची किंमत मला स्वतःलाही ठकी येईपर्यंत कळली नव्हती.

ठकी चार वर्षांची. त्यांच्या घराला आग लागली होती. शेजाऱ्यांनी तिला सुखरूप बाहेर काढलं, पण आई भाजली. आई दवाखान्यात, बाबा तिच्या उशाशी. म्हणून ठकीला आत्यानं आपल्या घरी आणलं आणि आमच्या बालवाडीत घातलं. तेव्हापासून पोरीनं चकार शब्द काढला नव्हता.

पहिल्या सकाळी, रडारड नको म्हणून आत्या तिची नजर चुकवून सटकली. ठकी रडली नाही. दार आपटलं तशी माझ्याखाली शिरली आणि माझा पाय घट्ट धरून बसली. तिच्या छातीची धडधड माझ्या लाकडाला कळत होती.

स्वयंपाकघरातल्या काकू म्हणाल्या, "ओढून काढा हो बाहेर! आज चालवून घेतलं की उद्या डोक्यावर बसेल."

"डोक्यावर बसली तर पेढे वाटीन," बाई म्हणाल्या. "सध्या टेबलाखाली बसलीय. तिथं बरं वाटतंय तिला."

बाईंनी आत एक उशी सरकवली आणि स्वतः माझ्याशेजारी फरशीवर बसून बाकीच्या मुलांना गोष्ट सांगू लागल्या.

संध्याकाळी त्यांनी आत्याला बाजूला घेतलं. "उद्यापासून सांगून जा. रडली तर रडू दे. तिचं सगळं एकदा न सांगता गेलंय."

मग रोज आत्या उकिडवी बसून सांगायची, "जेवून, झोपून उठलीस की मी दारात." आणि यायचीही. काकूसुद्धा बदलल्या. आतून ओरडायच्या, "भांडी घासतेय गं, आवाज होईल!" आधी ठकीचा पाय माझ्याबाहेर आला, मग हात, मग एक दिवस अख्खी ठकी. तरी बोलणं नाहीच.

एकदा आत्या वेळेवर आली नाही. सगळी मुलं घरी गेली. ठकी पुन्हा माझ्याखाली.

"आत्याची बस बंद पडलीय. ती चालत येतेय," फोन ठेवून बाई म्हणाल्या. "तोवर मी इथंच." आणि अंगानं चांगल्या भरलेल्या आमच्या बाई चक्क आत शिरल्या. अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. वळायला गेल्या आणि ठण्णकन डोकं आपटलं. मला तर लाजेनं पोट आत ओढून घ्यावंसं वाटलं.

"बाई, डोकं!" एक बारीक आवाज आला.

बाई डोकं चोळत राहिल्या. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी टेंगळावर ढकललं.

आत्या धापा टाकत आली. ठकी म्हणाली, "उशीर केलास." आत्यानं चपलांसकट आत येऊन तिला उचललं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. कधी दिवसभर गप्प, कधी कपडे ओले. बाई न रागावता तिचे कपडे बदलायच्या.

मग तिची आई आली. हातावर, गालावर चट्टे. तिला पाहताच ठकी माझ्याखाली. आईचा चेहरा पडला. "ओळखलं नाही मला?"

"ओळखलंय. थोडा वेळ द्या," बाई म्हणाल्या.

आई फरशीवर बसली. "मी इथंच आहे गं. घाई नाही." बराच वेळ गेला. मग ठकीनं उशी बाजूला सारली.

"तू पण ये. जागा आहे."

आता ठकी मोठ्या शाळेत जाते. माझा रंग उडालाय, एक पाय डुगडुगतो. पुढच्या महिन्यात नवी टेबलं येणार, असं ऐकतो. येऊ द्यात. एवढंच मागणं आहे: त्यांच्या खाली कप्पे नकोत, खोकी कोंबू नका. एखादं पोर मावेल इतकं मोकळं राहू द्या.