पावाच्या कडा

पावाची खरपूस कड दाढेखाली मऊ झाली, तिची खारट-गोड चव जिभेवर पसरली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण खातो आहोत. हातात सुरी. समोर फळीवर चर्चमधल्या उद्याच्या प्रभुभोजनासाठी कापलेले पांढरे चौकोनी तुकडे, आणि शेजारी सोललेल्या कडांचा ढीग – अर्धा झालेला. म्हणजे एक नव्हे, चार-पाच तरी. कधी गेल्या पोटात? प्रभूच्या मेजासाठी आणलेल्या पावातलं काही केरात जायचं नाही, ही त्याला घडवणाऱ्या म्हाताऱ्या पाळकांची शिकवण; तेव्हापासून शनिवारी पाव कापायचा आणि कडा आपण खायच्या हे हातांना इतकं पाठ झालं होतं, की हातांनी त्याला विचारलंच नव्हतं. पण आज साऱ्या मंडळीचा उपास होता. आणि तो त्यानेच सांगितलेला.

सांगितलेला? नाही... सांगितलेलाही नाही, तेच तर. मंडळीतल्या एका रंगाऱ्याच्या लेकीचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तो व्यासपीठावरून म्हणाला होता, "शनिवारी मी सूर्य मावळेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. तुम्ही करा असं म्हणत नाही. मी काय करतो ते बघा, पटलं तर करा." आणि मंडळी बघत आली होती. इथले आधीचे पाळक सांगायला पुढे, करायला मागे. याने आल्या आल्या स्वतः झाडू घेतला, तर महिन्याभरात झाडू त्याच्या हाती लागेनासा झाला. त्याने रक्त दिलं, मागे रांग लागली. गोड वाटायचं ते. पाठ वळवली तरी डोळे पाठीवर जाणवायचे, आणि त्या डोळ्यांच्या आधाराने ताठ चालता यायचं...

"दाढीत काय अडकलंय?" बायको दारात उभी होती.

"कापताना उडालं असेल."

ती कडांच्या ढिगाकडे बघत राहिली. दर शनिवारी तो ढीग संपलेला तिने पाहिला होता. तेवढ्यात फोन वाजला, आणि तिने तो घेऊन त्याच्यापुढे धरला. "शिवणवाल्या आजींची सून. घाबरलीये."

मधुमेहाची गोळी आजींनी सकाळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं. घाम फुटलाय, हात थरथरतायत, साखरेचं पाणी पुढे केलं तर तोंड फिरवतात. "तुम्ही या. माझं कोण ऐकतंय?"

दोन गल्ल्यांचं अंतर, पण पाय रेंगाळत होते की धावत होते हे त्याला कळेना. आता दारात जायचं आणि म्हणायचं, आजी, मीच मोडलाय, तुम्ही कशाला अडून बसता? एवढंच तर वाक्य. त्यात जीव वाचतो. मग ते म्हणवत का नाही? चुकून झालं, सवयीने झालं – असं म्हणून बघितलं. पण बायकोला जे सांगितलं ते सवयीने नव्हतं. ते मी सांगितलं.

आजी शिवणाच्या मशीनला टेकून बसल्या होत्या. चेहरा मेणासारखा, ओठांवर घामाचे थेंब. सून हातात पेला घेऊन उभी.

"आलात? हिने बोलावलं ना? चुगलखोर मेली."

"आजी, आधी हे प्या."

"तुम्ही खाल्लंत?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुम्ही उपाशी आणि मी पेला तोंडाला लावू? त्या पोरीचं काळीज फाडणारेत सोमवारी. माझं काय, मी पिकलं पान."

तेव्हा त्याने काय केलं, तर सुनेच्या हातातला पेला घेतला, एक घोट प्याला, मेजावरचा पाव उचलून मोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात घातला आणि अर्धा त्यांच्यापुढे धरला. आजी बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी पेला घेतला, पाव घेतला. खाता खाता पुटपुटल्या, "माझ्यापायी मोडलात हो... माझ्यापायी."

"नाही आजी. मी मघाशीच खाल्लंय. पावाच्या कडा."

आजी घास तोंडात ठेवून हसल्या. "ऐकलंस का गं? म्हणे मघाशीच खाल्लंय! मला बोच लागू नये म्हणून. पाळकसाहेब, तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही."

सूनही डोळे पुसत हसली. "उद्या सगळ्यांना सांगणार आहे मी."

"अहो, खरंच..." तो म्हणाला, आणि थांबला.

आजींच्या गालांवर हळूहळू रंग परतला तेव्हा तो निघाला. खरं बोललो ना? बोललो. त्यांनी मानलं नाही, याला मी काय करू? पण वाक्य सुटलं तेव्हाचा आपला आवाज त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता – मऊ, समजूत घालणारा, मांडीवरच्या पोराला थोपटणारा. त्या आवाजातलं कोण खरं मानेल? आणि आजी हसल्या त्या क्षणी छातीत काहीतरी सैल झालं होतं, उबदार... ते काय होतं? उद्या सून सांगेल. बाकांवरचे डोळे वर उठतील, आधीपेक्षा मऊ होऊन. त्या डोळ्यांना आता काय दाखवायचं?

घरी फळीवरचे तुकडे झाकलेले होते. कडांचा उरलेला ढीग मात्र उघडाच, जसाच्या तसा. खिडकीत ऊन अजून होतं. बायको पाठमोरी, कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आजींनी खाल्लं?"

"हो."

"आणि तुम्ही?"

तिने वळून पाहिलं नाही. एका बाहीची घडी मोडून ती पुन्हा घालत राहिली. साऱ्या मंडळीत तेवढे दोनच डोळे त्याच्याकडे बघत नव्हते – आणि आपण इथे, दारात, त्या दोन डोळ्यांनी वळावं म्हणून उभे आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. उपाशी माणसासारखे उभे आहोत.