अश्वजितचा गिरका

रविवारी सकाळी समतानं एकच कढई दोनदा घासली, भाजीत मीठ टाकलं की नाही ते आईला तीनदा विचारलं, तेव्हा केसरबाई वैतागल्या. "बाप्पा, एका जागी बस ना! पायाले काय भिंगरी लागली तुह्या?"

भिंगरी पायाला नव्हती, अंगठ्याला होती. समताचा उजवा अंगठा शुक्रवारपासून स्वस्थ नव्हता. दुसरबीडच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवताना तो टेबलावर टकटक करत होता, मेहकरला परतताना एसटीच्या दांडीवर. शुक्रवारी पुण्याहून तिच्या थोरल्या भावाचा, अश्वजितचा फोन आला होता. "समता, आपला तो फुटबॉलचा गेम पुन्हा आला. नवा करून. राजकुमारनं रविवारी जुन्या सगळ्यायले दुकानात बोलावलं. मले खेळाच लागते म्हणते." मग जरा थांबून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "तू येशीन ना?"

आता दादा खेळणार तर त्यात हिच्या येण्या-न येण्याचं काय, हे मेहकरात फक्त या दोघा भावंडांना माहीत होतं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांचं, माणिकराव सरकट्यांचं, व्हिडिओ गेमचं दुकान बसस्टँडमागे, घराच्याच पुढच्या खोलीत होतं. दोन टीव्ही, चार बाकं आणि सुट्टीत पोरांची ही गर्दी. समता तेव्हा चौदा वर्षांची. दुकान घरचंच, त्यामुळे गिऱ्हाईक नसेल तेव्हा खेळून खेळून तिचा हात असा बसला की एका मे महिन्यात तिनं ओळीनं सहा पोरांना हरवलं. सहाही जण दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान शोधायला गेले. पोरीकडून हरायचं, वर चार जणांत! माणिकराव रागावले नाहीत. "बाई, तू आतून पाहत जाय," एवढंच म्हणाले.

अश्वजितचं नेमकं उलटं. तोंड असं की खेळता खेळता सामन्याचं वर्णन करून अख्खं दुकान हसवायचा, आणि बोटं म्हणजे निव्वळ ठोकळे. दिवाळीच्या स्पर्धेत त्यानं ऐटीत नाव दिलं आणि आदल्या दिवशी बहिणीपुढे येऊन विनवण्या करू लागला. तोड काढली समतानंच. मशीन बाकांच्या मागे, आतल्या दाराच्या पडद्याला लागून ठेवायचं. दादाच्या कंट्रोलरची वायर मशीनखाली नुसती दडपायची आणि खरी वायर पडद्याखालून आत, तिच्या हातात. दादा पुढं बसून बटणं दाबायचा, बडबडायचा; ती पडद्याच्या फटीतून, त्याच्या खांद्यावरून टीव्ही पाहत खेळायची. वडिलांना हे ठाऊक होतं की नव्हतं, ते कोणी त्यांना कधी विचारलं नाही.

चार दिवाळ्या अश्वजित जिंकला. डाव्या कोपऱ्यात झेंड्यापाशी चेंडू थांबवायचा, गोलकीपर भुलून पुढे आला की गर्रकन वळून त्याच्या डोक्यावरून आत टाकायचा. या डावाचं मेहकरात नावच पडलं, अश्वजितचा गिरका. त्या वयात समताला त्याचं वाईट वाटलं नाही. वर्गात तोंडात लपवलेल्या गोळीसारखी ती मजा होती. पण अजूनही बाजारात कोणी भेटलं की म्हणायचं, "अश्वजितची बहीण ना तू? काय हात होता गड्याचा!" गोळी कधीच विरघळली होती, आणि मागं राहिलेली चव गोड नव्हती.

तरी ती गेली. का गेली? खेळायला मिळेल म्हणून, दुसरं काय.

राजकुमारचं टीव्ही-फ्रिजचं दुकान होतं. मधल्या भिंतीवर त्यानं सगळ्यात मोठा टीव्ही लावला होता आणि शेजारी, कुठून पैदा केला देव जाणे, माणिकरावांच्या दुकानातला पत्र्याचा बोर्ड टांगला होता. त्यावर ऑइलपेंटनं चार वर्षं आणि चार वेळा एकच नाव. चारही अंतिम सामन्यांत हरलेला राजकुमारच होता, पण त्याचं नाव लिहायची पद्धत नव्हती.

"या टायमाले सोडत नाही तुले," तो अश्वजितला मिठी मारत म्हणाला. "घरी महिनाभर प्रॅक्टिस केली बे."

अश्वजितनं पुण्याहून स्वतःचे दोन कंट्रोलर आणले होते. "मले माह्या सवयीचाच लागते," असं सांगून त्यानं गर्दी जमायच्या आधी एक मशीनला जोडून घेतला आणि बहिणीच्या हातात सरकवला. दुसरा, बंद, स्वतःकडे ठेवला. "आता तं वायर बी नाही," तो कुजबुजला. समता मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, कंट्रोलर ओढणीखाली.

खेळ सुरू झाला आणि तिला आधी काही सुचेचना. जुन्या खेळात सगळ्यांना एकच तोंड होतं. इथं घाम दिसत होता, गवताची पात हलत होती, माणसं गाणी म्हणत होती. टक्कर झाली की कंट्रोलर मांडीवर गुरगुरायचा आणि ती दचकून इकडेतिकडे पाहायची. पण या सगळ्या रंगरंगोटीखाली चाल तीच होती. पाचव्या मिनिटाला अंगठ्याला ओळख पटली. दहाव्या मिनिटाला तिनं गोल मारला.

"आणि अश्वजित निघाला, दोघायले कापलं, हा गोल!" अश्वजितनं उजवा हात उंच धरून सगळ्यांना दाखवला. "पाहून घ्या हा हात!" दुकान शिट्ट्यांनी भरून गेलं.

समताला तो हात झोंबला. ती खुर्चीत एकदा डावीकडे सरकली, एकदा उजवीकडे. शेजारी प्रेमानंद होता, दादाचा जुना दोस्त, मनानं भला. तिची चुळबूळ पाहून तो म्हणाला, "समताताई, बोर होऊन राह्यलं काय तुले? आत वहिनी चहा करून राह्यली, तिकडं बस ना जरा. इथं काय कळते तुले?"

पुढून अश्वजितनं ते ऐकलं. गुपित सांभाळायच्या घाईत माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. मान न वळवता तो हसत म्हणाला, "तिले? कंट्रोलर सुलटा कोणता अन् उलटा कोणता ते बी कळत नाही तिले!"

सगळे हसले.

चेंडू तेव्हा डाव्या कोपऱ्यात होता. झेंड्यापाशी. तिनं तो तिथवर आणला होता, गिरका मारायलाच आणला होता, आणि लोक "गिरका, गिरका" म्हणून ओरडत होते. समतानं दोन्ही अंगठे उचलले.

पडद्यावरचा गडी थांबला तो थांबलाच. अश्वजितनं सवयीनं बटणं दाबली. मग जोरात दाबली. राजकुमारच्या खेळाडूनं आरामात येऊन चेंडू काढून नेला आणि पलीकडे गोल केला, तरी अश्वजितचा तो गडी कोपऱ्यातून हलला नाही. अश्वजितनं मागे वळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जी विनवणी होती, ती तिनं चौदाव्या वर्षी पाहिली होती आणि तेव्हा तिला त्याची दया आली होती. दया आताही आली. अंगठे मात्र तिनं खाली ठेवले नाहीत.

"खेळ ना बे, काऊन थांबला?" राजकुमार म्हणाला.

"बॅटरी गेली असन."

"दाखव." राजकुमारनं खेळ थांबवून त्याच्या हातातला कंट्रोलर घेतला, उलटसुलट पाहिला. "अरे, याचा तं लाइटच नाही लागला. हा चालूच नव्हता! मंग मघापासून माह्यासंग कोन खेळून राह्यलं?"

समता उभी राहिली. ओढणीखालून तिनं कंट्रोलर काढला. त्यावर निळा दिवा जळत होता.

"मी," ती म्हणाली. आणि गप्प राहवेना म्हणून, "तवा बी मीच होती, राजूभाऊ. पडद्यामागं. चारही वर्षं."

राजकुमारनं बोर्डाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत बोर्डाकडे. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. पोरीकडून चारदा हरल्याचं वीस वर्षांनी कळणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही. त्याचा चेहरा लाल झालाही होता. पण शेवटी त्यानं बंद कंट्रोलर अश्वजितच्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, "उठ बे तू. ताई, इथं ये. पयल्यापासून खेळू. शून्य-शून्य."

अश्वजित उठला. काय करावं ते न कळून तो बाकाशेजारी फरशीवरच बसला, खाली मान घालून. खेळ सुरू झाला. पण दोन मिनिटंही त्याच्या जिभेला दम धरवला नाही. आवाज आधी चिरकला, मग वाट सापडली. "अन् बॉल भेटला समताले. समतानं एकाले टाकलं मागं. माह्यी बहीण हाय ते. पाहा, समता निघाली…"

समताला पडदा क्षणभर धूसर दिसला. त्या क्षणातच राजकुमारनं चेंडू हिसकावला, हे तिनं त्याला पुढे कधी माफ केलं नाही.

तीन-तीन झाले. शेवटच्या मिनिटाला तिनं चेंडू डाव्या कोपऱ्यात आणला, झेंड्यापाशी थांबवला. गोलकीपर जागचा हलला नाही. ती वळली, चेंडू उचलला, आणि त्यानं तो आरामात पोटाशी धरला.

"ते दुरुस्त केलं ना आता नव्या गेममंधी," राजकुमार म्हणाला. "कीपर भुलत नाही. महिनाभर करून पाह्यलं मी." आणि पलीकडे जाऊन त्यानं चौथा गोल मारला.

तो नाचला मात्र नाही. कंट्रोलर ठेवून ओशाळल्यासारखा बसून राहिला. लोक उठू लागले. समतानं काउंटरवरचा मार्कर उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

"लिहा बोर्डावर."

"काय लिहू? हारली ना तू, ताई."

"मंग हारली म्हून लिहा. राजकुमार चार, समता तीन."

तो खुर्चीवर चढला आणि चार जुन्या ओळींखाली लिहू लागला. 'समता तीन' लिहून झाल्यावर त्यानं मार्करचं टोपण लावलं.

"राजूभाऊ, नाव पुरं लिहा," ती खालून म्हणाली. "समता माणिकराव सरकटे."