निसटलेल्या तारा

त्या दिवशी हरीशरावांनी सकाळी दोनदा दाढी केली. वरदाताईंनी ते पाहिलं, पण बोलल्या नाहीत. देवाला नैवेद्य दाखवीपर्यंत मौन, हा त्यांचा रोजचा नेम होता.

केंब्रिजच्या एका संग्रहालयातल्या डॅनिएलाबाई कलश पाहायला आल्या होत्या. बर्मिंगहॅमच्या लिलावात हरीशरावांनी तो घेतला त्याला चाळीस वर्षं झाली. चिनी, काशाचा, पोटावर वटारल्या डोळ्यांचा पशू आणि अंगभर ठोकून बसवलेल्या सोन्याचांदीच्या तारा. "तीन हजार वर्षांचा आहे," हे घरी येणाऱ्याला चहाच्या आधी ऐकावं लागे. आता डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिल्यापासून त्यांना एकच ध्यास लागला होता. कलश संग्रहालयात जावा, खाली पाटीवर आपलं नाव असावं.

बाईंनी कलश उलटा करून पाहिला. "तीनशे वर्षांचा असेल. घाट मात्र मुद्दाम पुरातन केलाय."

"म्हणजे नकली?" हरीशरावांचा चेहरा उतरला.

"नाही, नाही. पूर्वजांना नैवेद्य दाखवायची जुनी भांडी त्या कारागिरांना पूज्य वाटायची. भक्तीनंच केलेलं काम आहे हे. आम्हाला आवडेल. फक्त या चेहऱ्यावरची चांदी निघालीय. तुकडे जपले असतील तर पुन्हा बसवता येतील. नसतील, तर आमच्याकडे याहून पूर्ण भांडी आहेत."

हरीशरावांना एकदम हुशारी आली. "एकूण एक तुकडा आहे. सुरुवातीच्या वर्षांत निसटला तसा मी हिच्या हातात दिलाय. वरदा, देवघरातली डबी आण बघू."

वरदाताई आत गेल्या. डबीत अक्षता होत्या. त्या देवासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या.

दारात नकुल आला. मुद्दाम सुट्टी काढून आला होता. "आई, तो डबी कुठे आहे? She's waiting."

गणपतीच्या मस्तकावरची चांदीची दूर्वा त्यांनी उचलली. तीन पाती, करंगळीएवढी. बाहेर येऊन तळहात पुढे केला, आणि नैवेद्य व्हायचा होता तरी तोंड उघडलं.

"तारा यात आहेत. नकुल चार वर्षांचा होता, मेंदूज्वर झाला होता. गणपतीला चांदीच्या दूर्वेचा नवस बोलले होते. तुम्ही म्हणालात, देवाशी कसले सौदे करतेस, या घरात ते चालणार नाही. मग सोहो रोडच्या सोनाराकडे गेले. चांदी अपुरी पडली, तिथे डाव्या पायातलं जोडवं घातलं."

एकतीस वर्षं त्या पायात मोजा होता. कोणी पाहिलं नव्हतं.

डॅनिएलाबाईंना नकुलने इंग्रजीत सांगितलं. त्यांनी दूर्वा हातात न घेताच म्हटलं, "सुंदर आहे." मग त्या कोट शोधू लागल्या.

गाडी गेल्यावर हरीशराव म्हणाले, "तो अँटिबायोटिक्सनी बरा झाला. शेजारच्या खाटेवरचं पोरही बरं झालं, त्याच्या आईनं काय वितळवलं होतं?"

वरदाताईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने फोन चाळत म्हटलं, "Honestly आई, बाबा is right. निदान विचारायचं तरी."

"विचारलं होतं रे," त्या हळूच म्हणाल्या. "निसटलेल्या तारांचं तेवढं विचारलं नाही."

भात लागल्याचा वास आला. त्यांनी वरचा वरचा काढून नैवेद्य दाखवला.

हरीशरावांनी कलश फडताळावर परत ठेवला. आजवर निखळलेली बाजू भिंतीकडे असायची. या वेळी त्यांनी ती नीट जोखून देवघराकडे केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वरदाताई जपाला बसल्या, तेव्हा तो पशू रिकाम्या खाचांनी त्यांच्याकडे पाहत होता. फिरवायला हात उचलला, तर आतल्या खोलीतून हरीशरावांचा खोकला ऐकू आला. "असू दे तसाच."

मौन होतं. त्यांनी हात खाली घेतला.